भित्तिमीमांसा: खरवडपक्ष, झाकणपक्ष आणि उरलेला रंग

मराठीत पाकशास्त्रावर ग्रंथ आहेत, नाट्यशास्त्रावर आहेत, ज्योतिषावर तर गरजेपेक्षा जास्त आहेत. पण जुन्या घराला आतून स्वतःच्या हाताने रंग कसा द्यावा, या विषयाकडे विद्वानांनी पाठ फिरवलेली दिसते. कारण उघड आहे. ज्याने हे काम केले त्याला पुढे काही दिवस लेखणी धरवत नाही, आणि ज्याला लेखणी धरवते त्याने रंगारी बोलावलेला असतो.

परंपरेप्रमाणे आधी अनुबंधचतुष्टय सांगितले पाहिजे. विषय: भिंत. प्रयोजन: कोणी स्वच्छता म्हणतात, कोणी गणपती म्हणतात, कोणी मुलीला बघायला येणारी मंडळी म्हणतात, सूक्ष्म विचार केला तर रंगाऱ्याने सांगितलेला आकडा हेच एकमेव प्रयोजन उरते. संबंध: घरातल्या माणसांचे परस्परांशी असलेले, ते काम सुरू होण्यापूर्वी होते तसे गृहीत धरावेत. अधिकारी: ज्याला रजा आहे, शिडी आहे आणि पूर्वानुभव नाही तो. पूर्वानुभव हा अधिकाराला बाधकच समजावा, कारण एकदा हे करून बसलेला माणूस दुसऱ्यांदा कोणत्याही प्रयोजनाने प्रवृत्त होत नाही.

'जुने घर' म्हणजे देशावरचे पांढऱ्या मातीचे, दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींचे, कोनाडे, फडताळे आणि खुंट्या असलेले घर, असे येथे समजावे. कोकणातले जांभ्याचे घर बहुतेक बाबतींत यातच येते. सिमेंटच्या इमारतीतली चार इंची भिंत आम्ही विचारातून वगळली आहे. तिला इतिहास नसतो, फक्त वायरिंग असते.

पूर्वसूरींकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रासाठी भिंत कशी तयार करावी, हे सांगितले आहे. त्यासाठी म्हशीचे कातडे पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचे, त्याचा वज्रलेप करायचा आणि तो मातीत कालवून भिंतीला द्यायचा. याच ग्रंथात मांडे आणि इडरिका यांच्याही कृती आहेत. भिंत आणि स्वयंपाक राजाने एकाच ग्रंथात घातले, याचे काही अभ्यासकांना नवल वाटेल. ज्यांनी रंगकाम चालू असताना माजघरात स्टोव्ह पेटवून, पलंग आणि कपाट यांच्या फटीत बसून भात खाल्ला आहे, त्यांना वाटणार नाही.

वेरूळचा पुरावा अधिक रंजक आहे. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे बारीक तुकडे मिसळलेले असल्याचे पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी दाखवून दिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात त्यांना भांग आढळली नाही, आणि तिथला गिलावा किड्यांनी जास्त खाल्ला आहे. म्हणजे भिंत टिकायची असेल तर भिंतीने भांग घेतलेली बरी. रंगवणाऱ्याने घ्यावी का, याबद्दल त्या संशोधनात निष्कर्ष नाही.

आता भिंतीची स्तररचना. जुन्या घराच्या भिंतीला पत्रा लावून एक पोपडा उचकटला आणि त्याची कड उजेडात धरली, की त्या घराची बखर वाचता येते. सर्वांत खाली गिलावा. त्यावर पांढऱ्या मातीचा पोतारा. त्यावर चुन्याच्या सफेदीचे एकावर एक चढलेले थर, बहुधा दर दिवाळीचा एक. ज्या वर्षी नीळ अंमळ जास्त पडली ते वर्ष निळसर रेघेने वेगळे ओळखू येते. ही नीळ क्षुल्लक समजू नये. युरोपातल्या चित्रकारांना हा निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून निघणाऱ्या लाजवर्द खड्यापासून मिळायचा, आणि तो त्यांच्या पेटीतल्या सर्वांत महाग वस्तूंपैकी होता. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे नावाच्या गृहस्थाने तो कृत्रिम रीतीने तयार केला, आणि कालांतराने तो पुडीत बसून आपल्याकडे धोतरे धुवायला आला. चुन्याच्या तिखटपणापुढे जे निळे रंग टिकतात त्यांत हा आहे. पिवळट झाक मारणाऱ्या चुन्याला तो डोळ्यांपुरता पांढरा करतो. म्हणजे आजीने दिवाळीला बादलीत चिमूटभर नीळ टाकली तेव्हा ती इटलीतल्या देवळांच्या छतांवरचा रंग टाकत होती. तिला हे कोणी सांगितले असते तर तिने आणखी चिमूटभर कमी टाकला असता.

सफेदीच्या वरच्या थरापासून आधुनिक काळ सुरू होतो. आधी कोरडा डिस्टेंपर, बहुधा गुलाबी किंवा पिस्ता. त्याला टेकून बसलेल्या पाहुण्याची पाठ पाहून तो कोणत्या घरून आला हे गावाला कळत असे. मग जमिनीपासून छातीपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा, वर डिस्टेंपर आणि दोहोंच्या सांध्यावर एक तपकिरी रेघ. हा पट्टा शाळा, दवाखाने आणि पोलीस ठाणी यांतून घरात आला असे एक मत आहे. आमच्या मते तो खोबरेल तेलामुळे आला. भिंतीला पाठ लावून रोज एकाच जागी बसणाऱ्या ज्येष्ठ पुरुषाच्या डोक्यामागे जो गोल डाग पडतो त्याला आम्ही तैलवलय म्हणतो, आणि जुन्या घराच्या भिंतीवरची सर्वांत चिवट गोष्ट तीच. माणूस जातो, बैठक जाते, तैलवलय राहते. त्यावर नुसता पाण्यात विरघळणारा रंग दिला तर तो सुकेपर्यंत आज्ञाधारक दिसतो, आणि सुकल्यावर आजोबा पुन्हा जागेवर येऊन बसतात. उपाय आहे: सोड्याच्या पाण्याने घासणे आणि मग त्या जागेला ऑइल प्रायमरचा हात देणे. काही घरांत हा उपाय माहीत असूनही करत नाहीत. तो भावनेचा प्रश्न आहे, शास्त्राचा नाही.

स्तररचनेचाच एक पोटविभाग म्हणजे भिंतीवरचे लेख. पेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशेब, मुलांच्या उंचीच्या खुणा, कोणाचा तरी पाच आकडी फोन नंबर. या लेखांवरून घाईने अनुमान काढू नये. २८ एप्रिल १८१९ रोजी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने भिंतीवर स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. आज ती अक्षरे माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर आहेत, कारण तेव्हा तो लेण्यात साचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर उभा होता. म्हणून माजघरात सात फुटांवर 'इयत्ता ३री अ' असे लिहिलेले सापडले, तर कुटुंबात पूर्वी राक्षस होते असे न मानता तिथे एके काळी गाद्यांची चळत होती का, हे थोरल्या आत्याला विचारावे.

कॅलेंडरामागचा आयत हाही प्रथम दर्जाचा पुरावा. 'कालनिर्णय' १९७३ला निघाले, आणि तेव्हापासून अनेक घरांत ते एकाच खिळ्याला लटकत आले आहे. त्यामागे ऊन, धूर आणि उदबत्ती पोहोचत नाही. कॅलेंडर काढले की भिंतीचा मूळ रंग तिथे जसाच्या तसा दिसतो, आणि घरातले सगळे एकदम म्हणतात, "अगं बाई, असा होता होय रंग!" दर वर्षी तीच माणसे तिथे कॅलेंडर बदलतात, ही गोष्ट आम्ही फक्त नोंदवतो.

इतका पूर्वरंग झाल्यावर आता या शास्त्रातल्या मूळ वादाकडे येऊ. रंग देण्यापूर्वी भिंतीवर आधीचे जे आहे त्याचे काय करायचे, यावर मानवजातीत दोनच पक्ष आहेत. खरवडपक्ष म्हणतो: जुने सगळे काढा, मूळ दिसेपर्यंत काढा. झाकणपक्ष म्हणतो: जे भिंतीवर आहे तीच भिंत, तिच्यावर मारा. एका छपराखाली हे दोन्ही पक्ष नेहमी नांदतात, आणि बहुधा त्यांचे लग्न झालेले असते.

झाकणपक्षाचा मुख्य आधार शब्दप्रमाण हा आहे, आणि तो शब्द दुकानदाराचा असतो: "साहेब, डायरेक्ट मारा याच्यावर, काही होत नाही." खरोखरच त्या दिवशी काही होत नाही. जुन्या सफेदीचे किंवा कोरड्या डिस्टेंपरचे वरचे थर भुसभुशीत झालेले असतात. तळहात फिरवला की हाताला पांढरे येते. त्यावर प्लॅस्टिक इमल्शन चढवले की ते सुकताना आवळते आणि खालच्या सैल थराला आपल्याकडे ओढते. मग दुसऱ्या हाताच्या वेळी रोलर वर नेला की रंग भिंतीवर चढण्याऐवजी भिंत रोलरवर चढते. यासाठी एक साधी परीक्षा आहे. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर दाबून चिकटवायचा आणि झटक्याने ओढायचा. पट्टीला पापुद्रा लागून आला तर झाकणपक्ष हरला. पट्टी नुसतीच आली तर झाकणपक्षाने विजयोत्सव करावा, पण एकाच ठिकाणी पट्टी लावून करू नये.

खरवडपक्षाची अडचण वेगळी आणि तात्त्विक आहे. थांबायचे कुठे? रुपयाएवढा पोपडा निघाला तर त्याची कड सैल दिसते. ती कड काढली की पुढची कड सैल. न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात, आणि तिथे ती केवळ युक्तिवादातला दोष असते. इथे ती बादलीत जमते. डिस्टेंपर गेला, सफेदी गेली, पोतारा गेला, मग गिलाव्याचा एक मोठा गोळा आपणहून खाली येतो आणि आतली माती दिसू लागते. या टप्प्यावर खरवडपक्षाला कळते की गेली काही वर्षे गिलावा भिंतीला धरून नव्हता, वरच्या सफेदीला धरून होता. पुढे गेल्यास शेजारच्या खोलीतला उजेड दिसू शकतो.

इथे शास्त्रकार थट्टा थोडी बाजूला ठेवतो. खरवडण्याच्या भरात जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये किती शिसे आहे हे भिंत सांगत नाही. काचपेपर मारायचाच तर पाणी शिंपडून ओला मारावा, नाकातोंडावर धड मास्क बांधावा, लहान मुलांना आजोळी पाठवावे आणि पडलेली पूड झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करावी.

आता सिद्धान्त. दोन्ही पक्ष भिंतीला मुकी समजतात, तिथे ते चुकतात. मातीची किंवा चुन्याच्या गिलाव्याची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि पृष्ठभागावरून ते हवेत सोडते; तिचा हा व्यवहार घर बांधल्यापासून चालू असतो. पाण्याबरोबर क्षार वर येतात. पाणी उडते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. त्यालाच घरातली मंडळी लोणा लागला म्हणतात. अशा भिंतीवर ऑइलपेंट किंवा जाड इमल्शन चढवले की पाण्याची वाट बंद होते. ते मग कमरेऐवजी छातीच्या उंचीवर निघते. छातीपर्यंत पट्टा नेला तर त्याच्याही वर. पिढ्यानपिढ्या पट्टा वर सरकतो आणि ओल त्याच्या एक वीत पुढे असते. दरम्यान रंगाच्या कंपनीला शिव्या पडतात, पावसाला पडतात, शेजाऱ्याच्या मोरीला तर पडतातच.

चुन्याचे तसे नाही. भट्टीत चुनखडी तापते तेव्हा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फणफणतो, आणि हे करताना डोळे सांभाळावेत. मग पातळ सफेदी भिंतीवर दिली की ती हवेतून तोच कार्बन डायऑक्साइड परत घेते आणि पुन्हा चुनखडी होते. म्हणजे सफेदी या अर्थाने रंगच नव्हे. भिंतीवर दगडाचा पापुद्रा चढत असतो, आणि त्यातून ओल बाहेर पडायला जागा राहते. नवख्याला यात एकच भीती. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो. पहिला हात दिल्यावर भिंत पूर्वीपेक्षा मळकट वाटते, माणूस घाबरून लगेच दुसरा देतो, तिसरा देतो, आणि सकाळी उठून पाहतो तर जाड थर फुटून गळायला लागलेला. चुन्याला रात्र द्यावी.

प्रस्तुत लेखक मातीच्या भिंतींच्या बाबतीत चुन्याच्या बाजूचा आहे. हा पक्ष घरात मताला टाकला की पडतो, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. "कपड्यांना लागतो" आणि "पुसता येत नाही" या दोन आक्षेपांना शास्त्रीय उत्तरे आहेत, परंतु ती ऐकून घेण्याइतका वेळ कोणाकडे नसतो.

समजा इमल्शनचा पक्ष जिंकला. मग रंगाची निवड आली, आणि तिच्याबद्दल मात्र आम्ही आवरते घेऊ, कारण या विषयावर घराघरांत पुरेसे साहित्य तोंडी उपलब्ध आहे. फक्त शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा दाखला द्यायला हवा. तो पॅरिसच्या गोबलाँ या गालिचा-पडद्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार आली. त्याने तपास केला तर धागा निर्दोष. शेजारचे निळे-जांभळे रंग त्याला फिका पाडत होते. त्यावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे शंभरी ओलांडून जगला, यावरून त्याने स्वतःचे घर रंगवले नसावे असे अनुमान निघते. शेडकार्डावरचा बोटभर चौकोन पांढऱ्या कागदावर असतो. तोच रंग भिंतीवर जातो तेव्हा त्याच्या एका बाजूला सागवानी तुळई, दुसऱ्या बाजूला शहाबादी फरशी आणि समोर हिरवे फडताळ असते. कार्डावर श्रीखंडी दिसलेला रंग मग माजघरात पिठल्याचा होतो. दुकानदार बदलून उपयोग नाही. फडताळ बदलावे लागेल.

प्रत्यक्ष रंग देण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही, तो भाग सर्वांत सोपा. आधी छत, मग भिंती, मग दारे-खिडक्या. सरळ भिंतीला रोलर चालतो. कोनाड्यात तो जात नाही, आणि जुन्या घरात भिंत कमी, कोनाडे जास्त. भेगांत लांबी भरावी, ती सुकू द्यावी, घासावी, मग प्रायमर द्यावा, असा क्रम आहे. घोड्यावर चढलेल्या माणसाला खालून सल्ला देण्याचा अधिकार मात्र कोणत्याही क्रमाने मिळत नाही, तो जन्मसिद्ध आहे. दूध घालायला आलेला माणूससुद्धा दारात थांबून मान तिरकी करतो आणि म्हणतो, "तो कोपरा राहिला बघा, दादा." कोपरा राहिलेला असतो. शेजारचे काका येऊन सांगतात की आमच्या वेळेला कुंच्याने असे उभे-आडवे मारायचे, आणि हातात कुंचा दिला की त्यांना एकदम गोळीची वेळ आठवते. यांच्यापैकी कोणाशीही वर उभे राहून वाद घालू नये. हातातला ब्रश हावभाव करतो आणि खाली आत्याबाईंची पैठणी दोरीवर असते.

शेवटी हिशेब. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर भिंतींचे क्षेत्रफळ चव्वेचाळीस गुणिले दहा, म्हणजे ४४० चौरस फूट. दार आणि दोन खिडक्या वजा केल्या तर साधारण ३९०. दोन हात द्यायचे म्हणजे ७८०. बऱ्या भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला शंभर ते सव्वाशे चौरस फूट जाते, तेव्हा सात-आठ लिटर पुरे. जुनी भिंत जास्त पिते हे धरून नऊ म्हणा. डबे मिळतात एक, चार, दहा आणि वीस लिटरचे. कोणताही विचारी गृहस्थ दहाचा घेतो, आणि "कमी पडायला नको" म्हणून कोणीतरी वर चारचा एक घ्यायला लावतेच.

अशा रीतीने उरलेला रंग उत्पन्न होतो. तो टाकवत नाही, कारण पैसे मोजलेले असतात. तो परत होत नाही, कारण दुकानात मशीनवर आपल्याच हट्टापायी मिसळलेला असतो. तो मग घरात हिंडू लागतो. आधी स्टुलाला लागतो, मग तुळशीच्या कट्ट्याला, मग परसातल्या न्हाणीच्या दाराला आणि कुत्र्याच्या खोपटाला. एकदा मोजणीदार येऊन गेला तरी त्याला या घराची हद्द रंगावरून सांगता येईल. काही घरांनी तो शेजाऱ्यांना देऊन पाहिला आहे; दोन घरांच्या आतल्या भिंती एका रंगाच्या निघाल्या की पुढच्या हळदीकुंकवाला "आमच्याकडून नेलात का?" हा प्रश्न येतो, आणि संबंध या अनुबंधाला बाधा येते.

इतके करूनही तळाला लिटर-दीड लिटर उरतोच. त्याचे झाकण हातोडीने ठोकून डबा माळ्यावर ठेवतात. पुढे भिंतीला ओरखडा पडला तर एवढ्यापुरता लावता येईल, असा त्यामागचा हेतू असतो. काही वर्षांनी ओरखडा पडतो, शिडी लावून डबा खाली उतरवला जातो, स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटले जाते. आत रंगाची घट्ट वडी झालेली असते. हरकत नाही, शेडचा क्रमांक तरी दुकानदाराला सांगता येईल म्हणून डबा उजेडात फिरवून पाहतात. क्रमांक लेबलवर असतो, आणि लेबलवरून शेवटच्या दिवशी ओतताना गेलेला जाड ओघळ असतो. ओघळ पत्र्याने खरवडावा की जाऊ द्यावा, यावर दोन्ही पक्ष डब्याभोवती पुन्हा जमतात.